कोटाच्या बाहीवर चढलेलं झाड

माझी आत्या रफू करते. सिगारेटने जळालेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं, कसरीने कुरतडलेलं असं कसलंही कापड आणा, ती धाग्याला धागा जोडून त्याची वीण पुन्हा भरून काढते. काम घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाला भोक कुठे होतं ते सापडत नाही आणि ते उगाच दुसऱ्याच जागी बोट ठेवून "वा, काय सफाई आहे!" म्हणतं. आत्याला त्याचा राग येतो. तिला एकूणच राग लवकर येतो, आणि तो मला वारशात मिळालाय असं सगळे म्हणतात. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे माझ्या रागाचा निदान उपयोग तरी होतो.

तिचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला भिंतभर खिडकी, आणि खिडकीशी तिचं टेबल. त्या खिडकीतून ऊन कधीच आत येत नाही, पण उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा राहतो. रफूगाराला असाच उजेड लागतो. काळ्यावर काळा धागा उन्हात दिसत नाही आणि दिव्याखालीही दिसत नाही. या खिडकीपायी आत्याने मोठ्या रस्त्यावरची दोन चांगली दुकानं सोडली होती. "एक वेळ काम नाही म्हणेन, पण घेतलेलं बिघडवून परत देणार नाही," असं ती म्हणते, आणि तसं ती वागतेही. त्यामुळे तिच्याशी भांडायची कुणाची छाती होत नाही.

आईची होते. म्हणजे होत होती. बाबा, आत्याचे धाकटे भाऊ, गेले तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात या दोघींचं काहीतरी वाजलं. कोण काय बोललं ते आता दोघींनाही धड सांगता येत नाही, पण अबोला मात्र पक्का झाला. तेव्हापासून आत्याने आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. तिचं दुकान आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. मी मध्ये टपाल. "तुझ्या आत्याला सांग," "तुझ्या आईला म्हणावं," हे ऐकत मी मोठी झाले.

बाबा गेल्यावर आईच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने तिला मॉन्स्टेरा नावाच्या शोभेच्या झाडाची एक काडी आणून दिली. एक पान, एक डोळा आणि पाण्याची बाटली. आईला तेव्हा कशातच रस नव्हता, पण काडीला मूळ फुटलं तशी ती जरा माणसांत आली. पुढे त्या झाडाने दिवाणखान्याच्या खिडकीचे गज धरले आणि ते वर चढत गेलं. पानं ताटाएवढी झाली. दर रविवारी आई ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची, खालून हात धरून, आणि पुसता पुसता त्याला आठवड्याच्या बातम्या सांगायची. मला न सांगितलेल्या बातम्यासुद्धा.

मग माझ्या ताईला दिवस गेले आणि डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं. ताई दूर देशी. आई निघाली, ते बाळ बसायला लागेपर्यंत परतणार नाही असं ठरवूनच. आणि नेमका त्याच वेळी आमच्या इमारतीला बाहेरून रंग द्यायला घेतला. सगळ्या खिडक्यांवर हिरवी जाळी. घरात भरदुपारी दिवे.

"झाड मी सांभाळते," मी म्हटलं.

"तुझ्या हातून प्लास्टिकचं फूलसुद्धा सुकेल. शिवाय इथे उजेड कुठाय?" आईने खिडकीवरच्या जाळीकडे पाहिलं. "उजेड आहे तो तुझ्या आत्याकडे."

"तुम्ही बोलत नाही ना एकमेकींशी!"

"अबोला आमचा आहे. झाडाचा नाही."

मग आईने गजांना बांधलेल्या सुतळ्या सोडल्या, झाड जुन्या चादरींमध्ये गुंडाळलं, आणि मी ते शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं घालून आत्याकडे पोचवलं. सूचना तोंडपाठ करून नेल्या होत्या. वरची माती बोटभर सुकली की पाणी. ऊन नको. पानं पुसायची. आत्या म्हणाली, "हं." माझा विद्यार्थी रस्त्यात खोळंबला होता, म्हणून चादरी सोडायला मी थांबले नाही. आणि पानांना भोकं असतात, हे काही कुणी कुणाला सांगितलं नाही. ते काय सांगायचं? हत्तीला सोंड असते असं कुणी सांगतं का?

त्यानंतर परीक्षांचा हंगाम होता. लोकांना आयत्या वेळी गाडी उलटी घ्यायला शिकवण्यात माझे आठवडेच्या आठवडे गेले. फोनवर विचारलं की आत्या "झाड ठीक आहे" एवढंच सांगायची. शेवटी एका दुपारी मी दुकानात गेले. आत शिरल्या शिरल्या डांबरगोळ्यांचा वास आला.

"आत्या, झाड कुठाय?"

"हे काय, समोर."

खिडकीशी कुंडी होती. कुंडीत मनगटाएवढं जाड खोड, त्यावर कापलेल्या देठांचे खुंट, तळाशी हाताच्या पंजाएवढी दोन पानं आणि शेंड्याला एक हिरवी सुरळी. मातीवर पांढऱ्याशुभ्र डांबरगोळ्या ओळीने मांडलेल्या.

"तुझ्या आईला म्हणावं, वेळेवर माझ्याकडे आलं म्हणून वाचलं," आत्या सुईवरची नजर न हलवता म्हणाली. "चादर काढते तर काय, पार कसर लागलेली! एक पान धड नाही. इथे लोकांचे लोकरीचे कोट टांगलेले. पसरली असती तर? म्हणून खाल्लेली पानं सगळी काढली, पिशवीत बांधून लांब नेऊन टाकली. ही दोन तेवढी निरोगी निघाली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीवर गाडी घालणाऱ्या विद्यार्थ्यावर ओरडते तशी मी ओरडले, "आत्या! त्याला भोकं असतातच!"

"असतात म्हणजे?"

मी फोनवर फोटो शोधून तिच्यापुढे धरले. मॉन्स्टेरा हॉटेलात, मॉन्स्टेरा बँकेत, मॉन्स्टेरा कुणाच्या तरी न्हाणीघरात. तिने कामाचा चष्मा चढवला आणि एकेक फोटो बारकाईने पाहिला.

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांना. भोकं पडली म्हणजे झाड जोमात आहे."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. आरडाओरडा ऐकून शेजारचा छत्रीवाला दारात येऊन उभा होता. मोडक्या छत्र्या दुरुस्त करणारा हा गृहस्थ आत्याचा एकुलता एक मित्र. सगळं ऐकून तो म्हणाला, "पण ताई, भोक पडलेली वस्तू उत्तम, हे आपल्याला पटणार तरी कसं? तुमचं नि माझं पोट भोकांवर चालतं." एरवी मी हसले असते. आत्याचा चेहरा बघून मला हसू आलं नाही. तिच्या हातून गिऱ्हाईकाची वस्तू बिघडली होती, पहिल्यांदाच, आणि तीही माझ्या आईची. एवढ्या वर्षांत आईने पहिल्यांदा तिच्या हवाली काहीतरी केलं होतं. झाड धड परत गेलं नाही तर या दोघी पुन्हा कधी एकमेकींचं तोंड पाहणार नाहीत, हे मला कळत होतं. तिलाही कळत होतं.

"आईला काय सांगू?" मी विचारलं.

"काही नाही. माझ्या चुकीचा निरोप तू न्यायचा नाहीस. ती आली की मी माझ्या तोंडाने सांगेन." मग कुंडी जवळ ओढत, "आणि तोवर हे नीट करेन."

दुसऱ्या दिवशी मी एका रोपवाटिकेवाल्याला गाडीत घालून आणलं. त्याने खोड दाबून पाहिलं, डांबरगोळ्या वेचून काढल्या आणि आत्याच्या हातावर ठेवल्या. "शेंडा ठेवलात हे बरं केलंत."

"त्याला भोक नव्हतं," आत्या म्हणाली.

"पानं येतील. पण भोकं हवी असतील तर याला चढवा. वर चढलं की पान मोठं होतं, मोठं झालं की फाटतं. नुसतं टेकवून ठेवलंत तर लहान मुलासारखी कोरी पानं देत बसेल. ही जी गुंडाळलेली मुळं आहेत ना, यांना धरायला काहीतरी ओलसर, खरखरीत द्या."

ती तपकिरी मुळं आत्याने सुटलेले धागे समजून खोडाभोवती नीट गुंडाळून ठेवली होती. ती तिने एकेक करून सोडवली. मग उठून कपाट उघडलं आणि एक जुना ओव्हरकोट बाहेर काढला. रफूला लागणारे धागे ती याच कोटातून ओढून काढायची. अशी लोकर आता मिळत नाही, आणि त्यातला वीतभर धागासुद्धा तिने आजवर कुणाला उसना दिला नव्हता. छत्रीवाला म्हणाला, "ताई, तो नको!" तोवर कात्री चालली होती. दोन्ही बाह्या खांद्यातून कापून तिने एकीला एक जोडली, आत पडद्याचा लाकडी दांडा घातला, गादीवाल्याकडचा काथ्या ठासून भरला, आणि तो खांब कुंडीत रोवला. मग जाड सुईने लोकरीत बारीक बारीक भोकं पाडून प्रत्येक मुळाचं टोक तिने आत बसवलं आणि खोड लोकरीच्या सैल धाग्याने बांधलं.

"जन्मभर बुजवली," ती पुटपुटली, "आता बसलेय पाडत."

त्यानंतर दुकानाचा रंगच पालटला. सकाळी आल्याबरोबर आत्या खांबाच्या टोकावरून पाणी सोडायची. ओल्या लोकरीचा असा काही दर्प सुटायचा की गिऱ्हाईकं नाक मुरडायची, आणि नाक मुरडणाऱ्याचं काम ती मुद्दाम शेवटी करायची. इस्त्रीची वाफ आता कापडाला कमी आणि झाडाला जास्त मिळू लागली. डोळ्यांत तेल घालून ती त्या सुरळीवर पहारा करत होती. मी उगाच जाऊन बसायचे आणि आम्ही दोघी सुरळीकडे बघत राहायचो.

इकडे आईच्या फोनांचा सपाटा सुरू झाला होता. बाळ झालं, मुलगी, दोघी ठणठणीत, आणि लगेच पुढच्या वाक्यात, "झाडाचा फोटो पाठव." मी आत्याला सांगितलं.

"म्हणावं, झाड कामाला घेतलंय. अर्धवट काम मी गिऱ्हाईकाला दाखवत नसते."

मी शब्दन् शब्द पोचवला. मग आई म्हणाली, "तिला म्हणावं, झाड आहे ते. पॅन्ट नाही." पण तिच्या आवाजातली काळजी मला ऐकू आली, आणि मूग गिळून गप्प बसण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. गप्प बसणं मला जमत नाही. त्या दिवसांत माझ्या विद्यार्थ्यांनी फार सोसलं.

सुरळी उलगडली. पान आलं, तळहाताहून मोठं, बदामी, चकचकीत आणि अखंड. छत्रीवाल्याने टाळ्या वाजवल्या. आत्याने पान खालून वरून पाहिलं आणि म्हणाली, "कोरं आहे." दुसरं पान आलं, तेही कोरं, पण मोठं. एव्हाना सगळ्या गल्लीला ही भानगड कळली होती. फाटके कपडे घेऊन येणारी माणसं दारातूनच विचारायची, "पडलं का भोक?" आणि "नाही अजून" असं उत्तर ऐकून हळहळायची. स्वतःच्या पॅन्टचं भोक बुजवायला आलेला माणूस पानाला भोक पडावं म्हणून हळहळतोय, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तिसऱ्या पानाला एका कडेला एक लांब चीर होती. आत्या खवळली. कुणाच्या तरी पर्सची कडी लागली म्हणून आदल्या दिवशीच्या सगळ्या बायकांना तिने मनातल्या मनात उभं आडवं घेतलं. रोपवाटिकेवाला येऊन म्हणाला, "कुणी फाडलं नाही. आपणहून फाटलंय." आत्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग ती हसली. तिचे पुढचे दात इतके सरळ आहेत हे मला तेव्हा कळलं.

चौथं पान सुरळीतच होतं, जाडजूड, वीतभरापेक्षा लांब, आणि आई निघाल्याचा फोन आला. छत्रीवाल्याला धीर निघेना. "ताई, हलकेच बोट घालून उघडू या. छत्रीसारखं."

"खबरदार! ओढलेलं पान आणि ओढलेला धागा, दोन्ही वाया." तिच्या टेबलावर किती तऱ्हेच्या सुया होत्या, कुठलीही शिवण ती डोळे मिटून उसवू शकते. पण त्या सुरळीला तिने हात लावला नाही.

आईला आणायला मी गेले. घरी चल म्हटलं, थकली असशील म्हटलं, आंघोळ कर म्हटलं. "आधी झाड," आई म्हणाली. तिची बॅग गाडीतच राहिली.

आत्या दारापर्यंत आली. इतक्या वर्षांनी त्या दोघी समोरासमोर उभ्या होत्या आणि मध्ये मी नव्हते, मी बाजूला होते. आत्या म्हणाली, "पानं मी कापली. कसर समजून. भोकं होती तेवढी सगळी कापली. पोरीने तुला सांगितलं नाही, कारण मी सांगू दिलं नाही."

आई झाडापाशी गेली. कापलेल्या खुंटांवरून तिने खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं. ज्या पानांना तिने दर रविवारी सगळं सांगितलं होतं ती पानं नव्हती. ती म्हणाली, "वन्सं, एकदा विचारता आलं नसतं?"

"कुणाला विचारणार होते?" आत्या म्हणाली. "आपण बोलत होतो कुठे?"

आईची नजर खांबावर गेली. तिने लोकर चाचपली, शिवण पाहिली, मुळं कापडात कशी शिरली आहेत ते पाहिलं. मुळं आता आतून काथ्याला धरून बसली होती. ज्यातला वीतभर धागाही आत्या कुणाला देत नसे तो कोट तिने ओळखला असावा, कारण ती एकदम आत्याकडे वळली. मग तिने वर पाहिलं.

"ही सुरळी कधीपासून सुटतेय?"

"काल सकाळपासून. कुणाला हात लावू दिला नाही."

आईने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि खिडकीशी बसली. आत्या आपल्या खुर्चीत बसली. माझी शिकवणी होती, मी निघाले. खरं सांगायचं तर मी पळाले.

संध्याकाळी भीत भीत परतले तर लांबूनच भांडणाचे आवाज. धावत आत गेले. पान उघडलं होतं. तसं अगदी सपाट नव्हतं झालं, पण उघडलं होतं, पोपटी, ओलं, सुपाएवढं. कडांना दोन्हीकडे खोल चिरा, आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना भोकं. लांबट, गोल, लहान, मोठी. मागच्या खिडकीचा उजेड त्यांतून आरपार येत होता. आणि या दोघी भोकं मोजत होत्या, आणि त्यांचा आकडा जुळत नव्हता.

"ती चीर आहे, भोक नाही!" आई.

"चारी बाजूंनी बंद आहे ते! भोक कशाला म्हणतात ते तू मला शिकवतेस?" आत्या. "मला?"

छत्रीवाला दारात डोळे पुसत होता. हसून की कशाने, ते मी विचारलं नाही. मी आनंदाने जे ओरडले ते मात्र अख्ख्या गल्लीने ऐकलं.

आई म्हणाली, खांबात मुरलंय, इथेच राहू दे. आत्याने ऐकलं नाही. गिऱ्हाईकाची तयार वस्तू ती दुकानात ठेवत नाही. आमच्या इमारतीची जाळी केव्हाच उतरली होती, घरात उजेड होता. गाडीत झाड मावेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते चालत न्यायचं ठरवलं.

ती मिरवणूकच झाली. मी आणि रोपवाटिकेवाल्याने कुंडी उचलली. नव्या पानाला ऊन लागू नये म्हणून छत्रीवाल्याने आपल्या दुकानातली सगळ्यात मोठी काळी छत्री वर धरली. आई एका हाताने पान सांभाळत बाजूने चालत होती, आणि सगळ्यांच्या पुढे आत्या, हात आडवा करून गाड्या थांबवत. रस्ता ओलांडायची ती पद्धत नव्हे, एरवी मी तिला चांगलं फैलावर घेतलं असतं. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर आले. "पडलं?" एकाने विचारलं. "पडलं!" आत्या रस्त्याच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "मोजून घ्या!" एका गाडीने हॉर्न वाजवला. आत बघते तर माझाच एक पास झालेला विद्यार्थी. तो काच खाली करून टाळ्या वाजवत होता, दोन्ही हात सोडून. त्याला मी नंतर गाठलं.

आमच्या दाराशी खांब अडला. उभा आत जाईना. तिरका करायला हवा होता, म्हणून आत्याने खांबाचं वरचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि अलगद खाली झुकवलं. आता ती दाराला पाठ करून उभी होती, झाड तिच्या हातांवर, कुंडी आमच्या हातांत. आणि ती थांबली. उंबऱ्याच्या अलीकडे.

"इथपर्यंत माझं काम झालं," ती म्हणाली. "कुणीतरी हे धरा."

कुणी हललं नाही. आई पान धरून उभी होती. "वन्सं," ती म्हणाली, "वरचं टोक तुमच्या हातात आहे. तुम्ही आत गेल्याशिवाय झाड आत कसं जाईल?"

आत्याने आईकडे पाहिलं. माझे दंड भरून आले होते, पण मी कुंडी खाली टेकवली नाही.

"जपून हं," आई म्हणाली, "मागे उंबरा आहे."

"माहीत आहे मला," आत्या म्हणाली. "माझ्या भावाचं घर आहे हे." आणि पाठमोरी, मागे मागे पाऊल टाकत, झाड घेऊन ती आत गेली.